चलाने नव्हे, पट्टे मोजा!

४ सप्टेंबर २०२२ चा रविवार. गुजरातमधून मुंबईकडे येणारी एक मोटार पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. मोटारीत चौघे जण होते. पुढच्या आसनांवरील दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या आसनांवरील दोघे, टाटा उद्योगसमूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक स्नेही, प्राणास मुकले. मोटार एकच, वेग एकच, आघाताचा क्षणही एकच. तपासात जो फरक ठळकपणे पुढे आला तो एवढाच की, पुढच्या दोघांनी सीट बेल्ट लावले होते आणि मागच्या दोघांनी लावले नव्हते. देशातील उत्तमोत्तम मोटारींपैकी एक, सर्व आधुनिक सुरक्षा साधनांनी सज्ज. आणि हाताशी असलेला दोन इंच रुंदीचा पट्टा मात्र न वापरलेला!

या घटनेने देश हळहळला आणि शासनयंत्रणाही खडबडून जागी झाली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी मागच्या आसनांवरील प्रवाशांनाही दंड होणार, असे जाहीर केले. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी ऑक्टोबरमध्ये आदेश काढून १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतील सर्वांना सीट बेल्ट सक्तीचा केला. आरंभीचे काही दिवस दंडाऐवजी जनजागृतीचे ठरले. फलक लागले, वृत्तवाहिन्यांवर चर्चा झडल्या. त्यानंतर काय झाले? पळसाला पाने तीनच! लोकांसमोर येत राहिली ती चलानांची संख्या आणि दंडाची रक्कम. अमुक दिवसांत इतक्या हजार वाहनांवर कारवाई, इतके लाख रुपये वसूल. परंतु ज्या कारणासाठी हा सारा खटाटोप, त्या कारणाचे काय? मागच्या आसनावर बसणाऱ्या शंभर माणसांपैकी मोहिमेपूर्वी किती जण पट्टा लावत होते, मोहिमेनंतर किती लावू लागले आणि सहा महिन्यांनी त्यांतील किती जण टिकून राहिले? मोहीम यशस्वी झाली की फसली, हे ठरवणारा प्रश्न हाच आहे, आणि नेमका तोच सार्वजनिक चर्चेत विचारला जात नाही.

मुळात हा नियम २०२२ मध्ये जन्माला आलेला नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १३८ अन्वये चालक आणि त्याच्या शेजारी बसणारा यांच्याबरोबरच मागे, पुढे तोंड करून बसणाऱ्या प्रवाशांनाही पट्टा लावणे बंधनकारक होते. १ सप्टेंबर २०१९ पासून सुधारित मोटार वाहन कायद्यातील कलम १९४-ब लागू झाले आणि केंद्रीय कायद्यातील दंड शंभर रुपयांवरून एक हजार रुपयांवर गेला. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याविना वा लहान मुलांसाठीच्या सुरक्षा आसनाविना नेणेही याच कलमाने दंडनीय ठरवले. कायदा होता, दंड होता. नव्हता तो केवळ कोणी विचारील असा धाक आणि मागच्या आसनावरही मरण येऊ शकते ही जाणीव.

ही जाणीव व्हायला महाराष्ट्राला एकदा फार मोठी किंमत मोजावी लागली होती. ३ जून २०१४ च्या सकाळी दिल्लीत विमानतळाकडे निघालेल्या गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीची धडक बसली आणि केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेऊन आठवडाच उलटलेला हा लोकनेता गेला. ते मागच्या आसनावर होते. त्यांचे मंत्रिमंडळातील सहकारी आणि व्यवसायाने डॉक्टर असलेले हर्षवर्धन यांनी त्या वेळी जाहीरपणे खंत व्यक्त केली होती की, मागचे पट्टे केवळ शोभेसाठी असतात या गैरसमजापायी आपण आपला मित्र गमावला. तेव्हाही चर्चा झाली, जागृतीचे संकल्प सुटले. आठ वर्षांनी सूर्या नदीच्या पुलावर तोच धडा पुन्हा गिरवावा लागला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी आपल्याकडे म्हण आहे. मोटारीच्या बाबतीत मात्र मागचा शहाणा होण्यास तयार नाही, असेच म्हणावे लागते.

आकडे हेच सांगतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. मृतांपैकी १६,७१५ जणांनी सीट बेल्ट लावलेला नव्हता. यांत ८,३८४ चालक होते, तर ८,३३१ प्रवासी. म्हणजे दररोज सरासरी पंचेचाळीसहून अधिक जण, आणि त्यांतील जवळजवळ निम्मे असे की ज्यांच्या हाती सुकाणूही नव्हते. पट्टा न लावल्याने अपघात होत नाही, हे खरे. परंतु अपघाताचे रूपांतर अंत्ययात्रेत होते ते पुष्कळदा त्यामुळेच. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एखाद्या खांबावर आदळून क्षणार्धात थांबते, पण आतील देह त्याच वेगाने पुढे जात राहतो. हा आघात सुमारे चौदा मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, जमिनीवर पडण्याइतका असतो. मागे बसलेला, न बांधलेला माणूस स्वतःच तर मरतोच, पण पुढच्याच्या पाठीवर आदळून त्यालाही संकटात लोटतो. एअरबॅग ही पट्ट्याला पूरक म्हणून आहे, पर्याय म्हणून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सीट बेल्टमुळे मोटारीतील प्रवाशाच्या मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो. इतके स्वस्त आणि इतके हमखास संरक्षण वैद्यकशास्त्रातही क्वचितच सापडेल.

अशा वेळी मोहिमेचे यश चलानांवरून का मोजू नये, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर साध्या व्यवहारज्ञानात आहे. समजा, एका चौकात गेल्या महिन्यात पाचशे चलाने झाली आणि या महिन्यात हजार झाली. याचा अर्थ बेशिस्त दुप्पट झाली, की पोलीस दुप्पट वेळ उभे राहिले? पुढच्या महिन्यात संख्या दोनशेवर आली, तर नागरिक शहाणे झाले, की बंदोबस्त गणेशोत्सवाकडे वळला? चलानाचा आकडा पोलिसांनी किती काम केले हे सांगतो. समाज किती बदलला हे सांगत नाही. रुग्णालयाने किती औषधाच्या बाटल्या संपल्या यावरून रोग हटल्याचा निर्वाळा द्यावा, तसाच हा प्रकार होय. यात आणखी एक धोका दडलेला आहे. ज्या यंत्रणेचे मोजमाप चलानांवर होते, ती यंत्रणा सोप्या सावजामागे लागते. दिवसाउजेडी, सिग्नलपाशी, पुढच्या आसनावरचा माणूस पकडणे सोपे. रात्री महामार्गावर मागच्या आसनावरचा पकडणे कठीण. पण जीव जातात ते तिथेच.

याबाबतीत अमेरिकेचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. परक्यांचे सारेच अनुकरणीय असते असे नव्हे; तथापि एखादे सार्वजनिक कार्य हाती घेतल्यावर त्याचा हिशेब मांडण्याची त्यांची शिस्त निश्चितच घेण्यासारखी आहे. तेथील नॉर्थ कॅरोलायना राज्याने १९९३ मध्ये ‘क्लिक इट ऑर टिकेट’ या नावाची मोहीम सुरू केली. पट्टा लावा, नाहीतर दंडाची पावती घ्या, एवढाच तिचा रोखठोक अर्थ. राज्यभर तपासणी नाके उभे राहिले आणि तपासणी होणार असल्याचा गाजावाजाही तितकाच झाला. पुढे अनेक राज्यांनी ही पद्धत उचलली. मे २००२ मध्ये तिची जी चाचणी झाली, ती या विषयाचा पाठच म्हणावा लागेल. ज्या दहा राज्यांनी कडक तपासणी आणि पैसे मोजून केलेली भरपूर जाहिरात यांची सांगड घातली, तेथे पट्ट्याचा वापर ६८.५ टक्क्यांवरून ७७.१ टक्क्यांवर गेला, म्हणजे ८.६ टक्क्यांची भर पडली. ज्या चार राज्यांनी जाहिरातीत हात आखडता घेतला, तेथे ही वाढ २.७ टक्क्यांची झाली. आणि ज्या चार राज्यांनी अशी जाहिरात केलीच नाही, तेथे जेमतेम अर्ध्या टक्क्याची. पुढच्याच वर्षी ही मोहीम राष्ट्रव्यापी झाली. एके काळी पट्ट्याला नाक मुरडणाऱ्या त्या देशात आज पुढच्या आसनांवरील दहांपैकी नऊ जण पट्टा लावतात.

हे आकडे आले कोठून? चलानपुस्तकातून नव्हे. मोहिमेपूर्वी, मोहीम चालू असताना आणि ती संपल्यावर प्रशिक्षित निरीक्षक ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळी रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि त्यांनी जाणाऱ्या मोटारींतील पट्टे मोजले. त्याबरोबरच नागरिकांना विचारले गेले की, मोहिमेची वार्ता तुमच्या कानी आली का, आणि पट्टा न लावल्यास आपण पकडले जाऊ असे तुम्हांस वाटते का. या दुसऱ्या प्रश्नात सारे मर्म आहे. माणूस दंडाच्या रकमेपेक्षा पकडले जाण्याच्या खात्रीला अधिक भितो. शंभराचे हजार केल्याने जे साधत नाही, ते उद्या या वळणावर पोलीस असणारच, या विश्वासाने साधते.

नुसत्या प्रबोधनाने काय होते, याचाही पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेतच एका नगरात केबल दूरचित्रवाणीचे जाळे दोन भागांत विभागलेले होते. एका भागातील घरांना सुमारे नऊ महिने सीट बेल्टचे महत्त्व पटवणाऱ्या जाहिराती दाखवल्या, दुसऱ्या भागाला दाखवल्या नाहीत. मग रस्त्यावरील मोटारींच्या क्रमांकांवरून कोण कोणत्या भागातला हे ताडून पट्टे मोजले. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, दोन्ही भागांत काहीच फरक पडला नव्हता. कायद्याच्या हाताविना केलेला उपदेश वाऱ्यावर गेला. आपल्याकडे घाटाघाटांत रंगवलेले यमकबद्ध फलक आणि दर जानेवारीत साजरा होणारा रस्ता सुरक्षा सप्ताह, जो २०२१ मध्ये महिनाभराचा झाला, यांना हा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. फलक नकोत असे नव्हे. पण फलकाच्या मागे पोलीस हवा आणि पोलिसाच्या पुढे फलक हवा. एकट्या जाहिरातीला दात नसतात आणि एकट्या कारवाईला आवाज नसतो.

तिसरा धडा सातत्याचा. अशा अल्पकालीन मोहिमांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोहिमेच्या काळात पट्ट्याचा वापर सरासरी सोळा टक्क्यांनी वाढतो आणि मोहीम संपली की सुमारे सहा टक्क्यांनी घसरतो, असे त्यात आढळले. म्हणजे सोळा पायऱ्या चढून सहा उतरणे. निराशावादी यातून नव्याचे नऊ दिवस असा अर्थ काढील; विवेकी माणूस असे पाहील की, दहा पायऱ्या हाती राहिल्या. ठरावीक काळाने पुन्हा मोहीम घेतली तर पुढचा टप्पा त्या दहाव्या पायरीवरून सुरू होतो. अपघात झाला की मोहीम, मोहीम थांबली की विस्मरण, या आपल्या रीतीत नेमके हेच हरवते. वरातीमागून घोडे धाडण्याची सवय मोडून वर्षातून दोन-तीनदा, आधी जाहीर केलेल्या पंधरवड्यांत, हे काम ठरल्याप्रमाणे व्हावयास हवे.

महाराष्ट्रात अशी मोजणी करणे अशक्य आहे काय? मुळीच नाही. जागतिक संस्थांच्या सहकार्याने मुंबईत रस्त्याकडेची अशी निरीक्षणे यापूर्वी झालेली आहेत. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतात ती चार प्रामाणिक माणसे, कागद-पेन्सिल आणि ठरलेली पद्धत. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि राष्ट्रीय सेवा योजनेची पथके हे काम आनंदाने करतील. मात्र ते करताना आपल्या रस्त्यांची नाडी ओळखली पाहिजे. टोलनाका दिसला की पट्टा ओढायचा आणि नाका ओलांडला की सोडायचा, पोलीस दिसला की खटका न लावता पट्टा नुसताच छातीवर धरायचा, या आपल्या परिचित क्लृप्त्या आहेत. म्हणून निरीक्षण नाक्यावरही हवे आणि नाक्यापासून दूरही; दिवसाही आणि रात्रीही; चालक, शेजारी, मागचे प्रवासी आणि बालके यांची नोंद वेगवेगळी हवी. जेथे मोहीम नाही अशा एखाद्या शहरातही त्याच काळात मोजणी व्हावी, म्हणजे बदल मोहिमेमुळे झाला की अन्य कारणाने, हे कळेल. आणि निष्कर्ष, मग ते अनुकूल असोत वा प्रतिकूल, जनतेसमोर मांडावेत. अपयश झाकणाऱ्या मोहिमेपेक्षा अपयश सांगणारी मोहीम अधिक जीव वाचवते.

धाक निर्माण व्हायचा तर तो निष्पक्षही असावा लागतो. पट्टा न लावणारा शंभर-दोनशे रुपये हातावर टेकवून सुटला, तर त्याला कायद्याचे महत्त्व कळत नाही, कायद्याची किंमत तेवढी कळते. ई-चलानाच्या थकबाकीचा शेकडो कोटी रुपयांचा डोंगर राज्यात उभा असताना नवे चलान पाहून कोण घाबरणार? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची जी नियंत्रण व्यवस्था कार्यान्वित झाली, ती पट्टा न लावणाऱ्यांनाही टिपते. यंत्राला ओळख-पाळख नसते, चिरीमिरी नसते, हा तिचा मोठाच गुण. परंतु दंडाचा संदेश महिन्यांनंतर आला आणि भरला नाही तरी चालते असे दिसले, तर यंत्राचाही धाक उरत नाही.

त्याहून मोठा प्रश्न उदाहरणाचा आहे. मिस्त्री यांच्या निधनानंतर गडकरी यांनीच सांगितले होते की, चार मुख्यमंत्र्यांच्या मोटारींत आपण बसलो, तेथे पट्टा न लावताच इशाऱ्याचा आवाज बंद राहावा म्हणून खाचेत क्लिप अडकवलेली होती. जीव वाचवण्यासाठी वाजणाऱ्या घंटेचा गळा दाबणाऱ्या या क्लिपा बाजारात राजरोस मिळत होत्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा १३,११८ नोंदी काढून टाकण्यात आल्या. विकणारे दोषी होतेच, पण विकत घेणारे कोण होते? सुशिक्षित, सुस्थित, लाखोंची मोटार घेऊ शकणारे तुम्हां-आम्हांसारखेच नागरिक. पदाधिकाऱ्यांनी नियम पाळला तर तो खाली झिरपतो. त्यांनी क्लिप लावली तर तीही झिरपते.

येथे दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की, रस्ते सदोष, पूल अरुंद, वेगाला आवर नाही, मग सारा भार पट्ट्यावर का? आक्षेप अर्धा खरा आहे. सदोष रस्ता बांधणाऱ्याची जबाबदारी पट्टा न लावणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही आणि ती मारू देऊही नये. परंतु रस्ता दुरुस्त होईपर्यंत प्रवास थांबत नाही. दुसरा आक्षेप असा की, २०२२ मध्ये हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण दगावले. मग मोटारवाल्यांचेच कौतुक कशाला? हेही योग्यच. हेल्मेटच्या मोहिमेलाही हीच कसोटी लावावी: पावत्या नव्हे, डोकी मोजावीत. जी यंत्रणा पट्टे प्रामाणिकपणे मोजायला शिकेल, ती हेल्मेटही मोजील आणि वेगही मोजील.

शेवटी हा विषय शासनापाशी संपत नाही. नवी मोटार दारी आली की आपण तिला हार घालतो, स्वस्तिक रेखतो, नारळ वाढवतो. दसऱ्याला तिची पूजा होते. ही कृतज्ञतेची सुंदर परंपरा आहे. पण त्याच मोटारीच्या मागच्या आसनावर नवे कव्हर चढवताना पट्ट्याचे खटके कव्हराखाली दडपले जातात आणि वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानीही येत नाही. ज्या आसनावर घरातील वृद्ध आणि मुले बसतात, तेच आसन असुरक्षित! लग्नकार्याला, देवदर्शनाला, गणपतीत कोकणात निघालेल्या कुटुंबात नातवाला मांडीवर घेऊन पुढे बसणारे आजोबा प्रेमापोटीच तसे करतात. परंतु आघाताच्या क्षणी त्या प्रेमळ हातांची पकड टिकत नाही, हे भौतिकशास्त्राचे निष्ठुर सत्य आहे. सामाजिक कामासाठी रात्री-अपरात्री जिल्हाभर प्रवास करणाऱ्या कार्यकर्त्यांनीही हे ध्यानी धरावे. कामासाठी देह झिजवणे वेगळे आणि निष्काळजीपणाने तो गमावणे वेगळे. एक अनुभवी कार्यकर्ता घडायला वीस वर्षे लागतात. तो जायला एक वळण पुरते.

शिस्त ही दोन वाटांनी येते. एक धाकाची, दुसरी संस्काराची. धाक नसेल तर संस्काराला आरंभ होत नाही आणि संस्कार नसेल तर धाकाला अंत राहत नाही. पोलिसांनी पहिली वाट नेकीने चालावी, तिचा हिशेब पट्ट्यांत द्यावा. दुसरी वाट घरातून निघते. किल्ली फिरवण्यापूर्वी चालकाने एकदा मागे वळून पाहावे आणि सर्वांचे खटके लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय गाडी हलवू नये, एवढा नेम प्रत्येक कुटुंबाने करावा. दररोज पंचेचाळीसहून अधिक घरांवर कोसळणारे दुःख मोजण्याची वेळ येऊ द्यायची नसेल, तर त्याआधी पट्टे मोजण्याला पर्याय नाही.